मॉडेल विमानाचं पहिलं उड्डाण रविवारी ठरवलंय पण सीजी (विमान तोलून राहतं तो बिंदू) मागे येतोय, काय काय तपासू?

रानवारा
नमस्कार मंडळी. मी आणि माझा आठवीतला भाचा, आम्ही दोघांनी मिळून एक हाय विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकण्यासाठीचं रेडिओवर उडणारं विमान) बनवलंय. 5 एमएम फोमबोर्ड, पंख टोकापासून टोकापर्यंत 1200 एमएम, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) सगळीकडे सारखीच 200 एमएम, चार चॅनल. मोटर ए2212 1000 केव्ही, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 9 ग्रॅमवाले चार सर्वो (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरी), 1045 प्रॉप (दहा इंची पंखा), बॅटरी 3एस (तीन सेलची) 2200 एमएएच, रेडिओ फ्लायस्काय आय6. बॅटरीसकट वजन 780 ग्रॅम भरलं.

आता अडचण अशी की प्लॅनवर सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून 60 एमएमवर दाखवलाय आणि आमचा बोटांवर तोलून बघितला तर 85 वर येतोय. बॅटरी अजून पुढे सरकवायला जागाच नाही, फायरवॉलच्या (नाकात मोटर बसवायची पाटी) मागे ईएससी बसलाय. नाकात शिसं भरू का? एकजण म्हणाला थोडा मागे असला तरी चालतं, उलट विमान चपळ उडतं. भाचा तर आजच उडवू म्हणून मागे लागलाय, कसंबसं रविवारपर्यंत थांबवलंय. मामाच्या रानातला ऊस तुटून गेलाय, तिथेच उडवायचा विचार आहे. सीजी सोडून अजून काय काय बघून घ्यावं तेही सांगा, दोघंही या छंदात नवीन आहोत, सिम्युलेटरवर मात्र रोज बसतोय.

बाल्साकाडी
रानवारा, आधी सीजीचं बोलू, कारण तो जागेवर नसेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. 200 च्या कॉर्डवर 85 म्हणजे साडेबेचाळीस टक्के झाले. अशा सरळ पंखाच्या ट्रेनरला 25 ते 33 टक्के, म्हणजे 50 ते 66 एमएम, एवढीच जागा पहिल्या उड्डाणासाठी धरायची. तुमच्या प्लॅनवरचे 60 अगदी योग्य आहेत. 85 वर अजिबात उडवू नका. चपळ वगैरे ठीक आहे, ते हात बसलेल्या माणसासाठी, आणि तोसुद्धा चार-पाच एमएमचा खेळ असतो, 25 चा नाही. शेपूट जड असलेलं विमान हातातून सुटलं की नाक वर उचलतं, तुम्ही स्टिक पुढे ढकलली की गरजेपेक्षा जास्त खाली जातं, परत ओढली की अजून वर, आणि वेग संपला की एक पंख टाकून जमिनीवर येतं. सगळं मिळून चार-पाच सेकंदात आटोपतं, विचार करायलाही वेळ मिळत नाही. नाक थोडं जड असेल तर विमान जरा सुस्त वाटेल, उतरताना वेग जास्त लागेल, पण ते हातात राहतं. त्यामुळे चुकायचंच असेल तर पुढच्या बाजूला चुका, 55 वर आला तरी चालेल.

शिसं इतक्यात नको. आधी जे वजन विमानात आहेच ते हलवून बघा. हिशोब सोपा आहे. 780 ग्रॅमचं विमान 25 एमएम पुढे न्यायचं म्हणजे 780 गुणिले 25, 19500. तुमची 2200 ची बॅटरी 180 ग्रॅमच्या आसपास असेल, 19500 भागिले 180 म्हणजे साधारण 108 एमएम. बॅटरी अकरा सेंटीमीटर पुढे गेली की काम झालं, एक ग्रॅमही वाढला नाही. तेच शिशाने करायचं म्हटलं तर फायरवॉलपाशी, सीजीच्या 230 एमएम पुढे धरा, 85 ग्रॅम लागतील, आणि एवढं मेलेलं वजन फोमच्या विमानात कोणी घालत नाही.

जागा करायची तर ईएससी तिथून काढा आणि बाहेर पोटाखाली लावा, वारा लागून थंडही राहील. वायरी कमी पडल्या तर मोटरकडच्या तीन वाढवा, बॅटरीकडच्या दोन लांब करू नका, त्या लांब झाल्या की ईएससीवर ताण येतो. आणि जरा शेपटीकडे बघा. हॉट ग्लू किती ओतलाय? शेपटीतले 10 ग्रॅम सीजीपासून 500 एमएम लांब असतील तर त्यांना तोलायला नाकात 22 ग्रॅम लागतात. सर्वो शेपटीत बसवले असतील तर ते पंखाखाली आणा आणि पुशरॉड (सर्वोपासून शेपटीपर्यंतची काडी) लांब घ्या, नुसत्या तेवढ्यानेही फरक दिसेल.

तोलताना बॅटरी, प्रॉप, पंखाचे रबर बँड सगळं लावलेलं पाहिजे. पंखाखाली बॉडीच्या दोन्ही बाजूंना 60 वर पेनाने ठिपके काढा आणि त्यावरच तोला, अंदाजाने नको. नाक किंचित खाली झुकलं की बरोबर. मग एकाने मोटरचा शाफ्ट आणि दुसऱ्याने शेपूट धरून डावं-उजवं पण बघा, एक पंख सारखा खाली पडत असेल तर दुसऱ्याच्या टोकाला एखादं नाणं चिकटवा.

नाशिकचा_वारा
वरचं सगळं बरोबर. मी कंट्रोल आणि प्रॉपबद्दल लिहितो, एनसीसीच्या एअर विंगला असताना एअरोमॉडेलिंग शिकवणारे आमचे सर या दोन गोष्टींवर कधीच सूट द्यायचे नाहीत.

टेबलावर सेटिंग करताना प्रॉप काढून ठेवा. नुसता नट सैल करून नाही, पूर्ण काढून बाजूला. दहा इंची प्रॉप मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतो आणि थ्रॉटलला हात लागायला कारण लागत नाही, टेबलावरून रेडिओ पडला तरी पुरे. घरात लहान मुलगा असताना तर हे पक्कं पाळा. रेडिओ आधी चालू, थ्रॉटल खाली, मग बॅटरी. बंद करताना उलटं, आधी बॅटरी काढायची मग रेडिओ.

आता विमानाच्या मागे उभे राहा, शेपूट तुमच्याकडे. एलेव्हेटरची (शेपटीवरची आडवी हलती फळी) स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर (शेपटीवरची उभी हलती फळी) उजवीकडे दिलं की रडर उजवीकडे. आयलरॉनमध्ये (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) लोक गोंधळतात, स्टिक उजवीकडे दिली की उजवा आयलरॉन वर गेला पाहिजे आणि डावा खाली. भाच्याला पाठ करायला सांगा, स्टिक ज्या बाजूला त्या बाजूचा वर. उलटं असेल तर आय6 मध्ये रिव्हर्सचा मेन्यू आहे, वायरी उपसायची गरज नाही. आणि हे घरी एकदा बघून भागत नाही, मैदानावर हातातून सोडायच्या आधी परत बघायचं, कारण मधे कोणी मॉडेल मेमरी बदललेली असते, कोणी पंख काढून परत लावताना आयलरॉनचे प्लग अदलाबदल केलेले असतात.

फेलसेफ (रेडिओचा संपर्क तुटला तर विमानाने काय करायचं ती सेटिंग) आय6 मध्ये रिसीव्हर सेटअपखाली आहे. थ्रॉटल एकदम खाली धरून सेट करा. मग प्रॉप काढलेला असताना थ्रॉटल थोडं वर ठेवून रेडिओ बंद करा, मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर विमान बाहेर न्यायचंच नाही.

1045 प्रॉप बघून घ्या, बाजारात ते ड्रोनसाठी जोडीने येतात, एक सुलटा एक उलटा. उलट्यावर आकड्यापुढे बहुतेक आर लिहिलेलं असतं, तो घेऊ नका. सुलट्यावरची अक्षरं पुढच्या बाजूला, म्हणजे विमान जिकडे जाणार तिकडे, आली पाहिजेत. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. प्रॉप लावल्यावर दोघांनी मिळून, एकाने मागून पंखापाशी घट्ट धरून, अर्धं मिनिट फुल थ्रॉटल देऊन बघा. मागे वारा जोरात फेकला गेला पाहिजे, थरथर नको, आणि थांबवून बॅटरी काढल्यावर मोटरला बोट लावता आलं पाहिजे. प्रॉपच्या रेषेत, समोर किंवा बाजूला, कोणीही उभं राहायचं नाही.

निळी_पतंग
मी पुण्यात कॉलेजला असताना एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या एअरो डिझाइन स्पर्धेच्या टीममध्ये होते, तेव्हापासून विमान हातात घेतलं की सगळ्यात आधी मागून डोळा लावून पंख बघायची सवय लागलीये. फोमबोर्ड उन्हात किंवा हॉट ग्लूने वळतो आणि ते टेबलावर कळत नाही. मागून बघताना एका पंखाची मागची कड दुसऱ्यापेक्षा वर-खाली दिसली तर तो पीळ आधी काढा, ट्रिमने (रेडिओवरून कंट्रोलची केलेली बारीक कायमची दुरुस्ती) झाकू नका, वेग बदलला की ट्रिम पुरत नाही. शेपूट पंखाला समांतर आहे ना तेही त्याच वेळी दिसतं.

प्रत्येक कंट्रोल सरफेस चिमटीत धरून चांगला ओढा, हिंज (बिजागर) सुटायचा असेल तर आत्ता सुटू दे. क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) सिलिकॉन ट्यूबचा छोटा तुकडा चढवा म्हणजे उघडत नाही. पुशरॉड लांब असेल तर मधे आधार द्या, नाहीतर एलेव्हेटर वर करताना ती नुसती वाकते आणि सरफेस हलतच नाही. तपासायची पद्धत अशी, स्टिक पूर्ण ओढून धरा आणि बोटाने एलेव्हेटर हलकेच खाली दाबा. दबला तर रॉड वाकतोय.

ड्युअल रेट (कंट्रोल किती हलावा याची मर्यादा) 70 टक्के आणि एक्स्पो (स्टिक मधोमध मऊ करणारी सेटिंग) 30 च्या आसपास ठेवा, सुरुवातीला हात जोरात जातो. एक्स्पो टाकल्यावर मधोमध स्टिक मऊ झाली का ते नीट बघा, प्रत्येक कंपनीच्या रेडिओत प्लस-मायनसचा अर्थ वेगळा असतो.

फेकणाऱ्याने वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, थ्रॉटल तीन चतुर्थांश, आणि विमान सरळ फेकायचं, वर नाही. वर फेकलं की वेग मरतो. भाला फेकल्यासारखा जोर नको, दोन पावलं चालत जाऊन पंख सपाट ठेवून ढकलायचं. पंखाखाली बॉडीला धरा, हात प्रॉपच्या मागेच राहिला पाहिजे. मोटरच्या टॉर्कने विमान डावीकडे झुकायला बघेल, त्याला बारीक उजवं आयलरॉन तयार ठेवा, आणि तीस-चाळीस मीटर उंची होईपर्यंत वळू नका. फेकायला भाचा नको, एखादा मोठा माणूस घ्या, भाच्याला ट्रिमची आठवण करून द्यायला आणि टायमर ओरडायला ठेवा. टायमर पहिल्यांदा 5 मिनिटांचा. उतरल्यावर प्रत्येक सेल 3.7 व्होल्टच्या वर असला पाहिजे, त्यावरून पुढचा वेळ ठरवा.

रानवारा
खूप खूप आभार सगळ्यांचे. ईएससी पोटाखाली घेतला, दोन्ही सर्वो शेपटीतच होते ते पंखाखाली आणले, शेपटीवरचा ग्लू कापून काढला. आता बॅटरी फायरवॉलला टेकवली तर सीजी 57 वर येतोय आणि थोडी मागे घेतली की 60. आयलरॉन बरोबर होते, रडर उलटं निघालं, रिव्हर्स केलं. फेलसेफला मोटर थांबते. उजव्या पंखात मागच्या कडेला पीळ दिसतोय, तो कसा काढू? आणि परवानगीचं काही बघावं लागतं का?

निळी_पतंग
पीळ असेल तिथे हेअर ड्रायरने लांबून ऊब द्या, उलट्या बाजूला किंचित जास्त पिळून धरा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. हीट गन नको, फोम वितळतो. दुसऱ्या दिवशी परत बघा, कधीकधी परत येतो.

नाशिकचा_वारा
परवानगीबद्दल, मॉडेल विमानंही ड्रोन नियम 2021 खाली येतात, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर तुमचं रान कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा. ग्रीन झोनमध्ये 400 फुटांच्या खाली वेगळी परवानगी लागत नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ तुमच्यापासून लांब असावा, पण नकाशा बघून खात्री करून घ्या. विमान कायम नजरेच्या टप्प्यात आणि माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही, हे तर धरूनच चाला.

रानाच्या कडेने विजेच्या तारा, पंपाची केबिन आणि शेजारचा उभा ऊस कुठे आहे ते आदल्या दिवशी चालून बघा. उभ्या उसात विमान पडलं तर मोडत नाही पण सापडत नाही, आणि शोधताना पानांनी हात कापतात. बॅटरी उसात अडकून राहिली तर तापून पाचटाला धोका, म्हणून एक छोटा बझर रिसीव्हरला लावाच. सकाळी सूर्य पाठीमागे येईल असं उभं राहा. संक्रांतीच्या दिवसांत आमच्याकडे येवल्यापर्यंत आकाश पतंगांनी भरलेलं असतं, त्या आठवड्यात आम्ही विमान काढतच नाही, मांजा प्रॉपमध्ये गेला की मोटर जागीच थांबते.

बाल्साकाडी
57 ते 60 छान आहे, पहिल्या उड्डाणाला 57 वरच ठेवा आणि बॅटरीला वेल्क्रोच्या जोडीला पट्टाही घाला, हवेत मागे सरकली तर परत 85 होईल. चार्जिंग 1सी ने (बॅटरीच्या क्षमतेइतक्या करंटने) म्हणजे 2.2 अँपिअर, बॅलन्स मोडमध्ये, समोर बसून. बॅटरी कारच्या डिकीत उन्हात ठेवू नका, आणि जरा जरी फुगलेली दिसली तरी ती वापरू नका. रविवारी वारा जोरात असेल, झाडाची फांदी हलत असेल तर सरळ पुढच्या रविवारी जा. वर गेल्यावर अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम करा, मग त्याच उंचीवर थ्रॉटल कमी करून स्टिक हळू ओढा आणि विमान कोणत्या वेगाला पडतं ते बघून घ्या, उतरताना तेवढा वेग हातात राखता येईल. खाली आलं की दुसऱ्यांदा उडवायच्या आधी मोटर माउंटचे स्क्रू, प्रॉपचा नट आणि पंखाचे रबर बँड परत तपासा. पहिल्या उड्डाणात हेच सैल होतात.