व्हिसाचे नियम बदलले तेव्हा तुमच्या घरात काय झालं? सोलापूरकरांनो, लिहा

२०२५ ची सर्वपित्री २१ सप्टेंबरला होती, रविवारी. मुलगा सुट्टीवर आलेला, नऊ वर्षांनी पहिल्यांदाच आजोबांच्या नावचं पान त्याच्या हातनं ठेवायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी कंपनीच्या वकिलाचा मेल आला, ताबडतोब अमेरिकेत परत या, ट्रम्पनी सही केलीय, एच-वन-बीवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या व्हिसावर, १ लाख डॉलर फी, म्हणजे जवळजवळ ८८ लाख रुपये, आणि मुदत आपल्या घड्याळाने रविवारी सकाळी साडेनऊपर्यंतच. ह्यांनी कागदावर हिशोब मांडला, मुंबईपर्यंत आठ तास, विमानाचे सोळा, विमानतळावरचे तीन, पोचणं शक्यच नव्हतं, तरी पोरगा निघाला. रात्री दोनला विमानतळावरून फोन, आई, फी फक्त नवीन अर्जांना आहे, आमच्यासारख्यांना नाही. पण तिकीट काढलेलं होतं, गेला तो.

दुसऱ्या दिवशी पान ह्यांनीच ठेवलं. जेवताना भाऊजी म्हणाले, वहिनी त्यांचा देश त्यांचे नियम, आपण तरी इथं बिहारी पोरांना कुठं जवळ करतो. त्यावरून एवढा वाद झाला की खीर तशीच राहिली. मला ते वाक्य अजून टोचतं कारण शेजारच्या बांधकामावर आलेल्या दोन पोरांना वरची खोली भाड्याने द्यायला मीच नाही म्हटलं होतं, आणि कारण काय तर बाहेरचे आहेत. म्हणून हा धागा काढला. बाजू कुठली का असेना, घरात घडलेलं लिहा.

पूर्वभागातला कारखानदार

ताई, खोलीचं मोकळेपणाने लिहिलंत म्हणून लिहितो. आमचे आजोबा निजामाच्या मुलखातून सोलापुरात मागावर बसायला आले, तेव्हा इकडं इंग्रज तिकडं निजाम, म्हणजे दुसरा देशच म्हणा की. घरात अजून तेलुगू चालते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सगळा पूर्वभाग रस्त्यावर असतो, आणि सोलापुरी चादर म्हटलं की आज अख्खा महाराष्ट्र आपली म्हणतो, ती विणणारे हात बरेचसे आमच्या पद्मशाली लोकांचे. पण आजीला नळावरच्या बायका म्हणायच्या, हे आले आणि पाणी संपलं. ती ते शेवटपर्यंत विसरली नाही.

आता माझ्याकडं टॉवेलच्या मागावर रात्रपाळीला आमची पोरं येत नाहीत, पुण्यात डिलिव्हरी करतील पण माग नको म्हणतात, मग उत्तर प्रदेशातले तिघं ठेवले. जुने कामगार म्हणतात मालक, हे लोक कमी पैशात करतात म्हणून आमची मजुरी वाढत नाही. खोटं नाहीय त्यांचं. मी सगळ्यांना एकच रेट देतो, सगळे मालक देत नाहीत. माझ्या मते निम्मं भांडण तिथंच आहे, आणि अमेरिकेतलं पण थोडंफार तसंच असणार.

बाळाची आजी

सून नर्सिंग शिकलेली. एजंटला बारा लाख देऊन एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडला केअर वर्कर म्हणून गेली, तो म्हणाला सहा महिन्यात नवरा आणि बाळ पण जातील. ११ मार्च २०२४ पासूनच केअर वर्करला घरच्यांना नेता येत नाही हे ती तिकडं पोचल्यावर कळलं. नात तेव्हा चौदा महिन्यांची. ती तिकडं परक्या म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते, आणि तिच्या लेकीला इथं मी भरवते. जुलै २०२५ पासून तर बाहेरून नवीन केअर वर्कर घेणंच त्यांनी बंद केलं.

१३ सप्टेंबरला लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला, लाखावर माणसं, त्यातल्या कितीतरी जणांचं म्हणणं की बाहेरच्यांना थांबवा. सून सांभाळते त्या आजीबाईंचा मुलगा त्या मोर्चाला गेला होता. दुसऱ्या दिवशी आला, आईजवळ बसला आणि जाताना सुनेचे आभार मानून गेला, तू आहेस म्हणून आईचं नीट चाललंय म्हणाला. सून रात्री फोनवर रडली. ह्याचं काय करायचं तिला कळेना, मलाही नाही.

ब्रॅम्प्टनहून परत

माझं मत वेगळंय. २०२२ ला कॅनडाला गेलो, तळघरात दोन खोल्या, नऊ जण, एक संडास, आणि घरमालक आपल्याकडचाच. पार्ट टाइमसाठी दुकानाबाहेर लाईन लागायची, तिथलीच सोळा-सतरा वर्षांची पोरं पण त्याच लायनीत, आमच्यामुळे त्यांना पहिली नोकरी मिळेना. त्यांचे आईबाप चिडले तर सगळेच वर्णद्वेषी कसे? काही होते, बसमध्ये एकजण अंगावर ओरडला ते मी विसरणार नाही. पण जानेवारी २०२४ ला कॅनडाने स्टुडंट परमिटवर मर्यादा घातली, त्या वर्षी साधारण ३ लाख ६० हजार, आणि खात्यात दाखवायची रक्कम १० हजारवरून २०,६३५ डॉलर केली, तेव्हा मला वाटलं हे दोन वर्षं आधी केलं असतं तर मी गेलोच नसतो. कॉलेजला फी हवी होती, घरमालकाला भाडं, सरकारला स्वस्त हात, आणि शिव्या आम्ही खाल्ल्या.

आणि सोलापुरात हा विषय निघाला की कुणीतरी आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव काढतंच. चीनने डॉक्टर मागितले म्हणून ते १९३८ ला गेले, आणि तिथंच जखमींवर उपचार करत १९४२ ला वारले. मी पीआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, मिळवायला गेलो होतो, त्यांचं नाव माझ्या बाजूने कृपा करून वापरू नका. मोहोळकडची जमीन अजून गहाण आहे, हप्ता बाबा भरतात.

हुतात्मावाला

पूर्वभागातल्या अण्णा, नळाचं वाचून थांबलोच. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरचा विषय निघाला की आजही ऐकतो, सोलापूर-लातूरकडचे वाढले म्हणून. बारा वर्षं झाली मला इथं, टॅक्स इथंच भरतो.

जुळे सोलापूरचे आजोबा

नातू सहा वर्षांचा असताना अमेरिकेत गेला, आता एकोणीस. लेकाचा ग्रीन कार्डचा अर्ज २०१६ चा, पण कुठल्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत असा नियम, आणि रांगेत सगळ्यात जास्त आपलेच. एकवीस पूर्ण झाली की नातू बापाच्या व्हिसातून बाहेर पडतो, मग स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढा नाहीतर परत या. परत म्हणजे कुठं? सोलापुरात तो एकूण चार वेळा आलाय. लेक म्हणतो बाबा होईल काहीतरी, पण रात्री त्याला झोप नसते हे सूनबाई सांगते. कुणाकडं असं झालं असेल तर एवढंच सांगा, मुलाचा स्टुडंट व्हिसा किती महिने आधी टाकला होता आणि वेळेत मिळाला का?