खाली डोकं, वर पाय करून झाड उतरणारा निळा पक्षी कोणता?

रंकाळाकाठ: रविवारी आम्ही चौघी दाजीपूरला गेलो होतो. चहाला थांबलो आणि समोरच्या जांभळाच्या खोडावर चिमणीहूनही लहान पक्षी दिसला. पाठ जांभळट निळी, चोच लालभडक, कपाळ काळं कुळकुळीत. आणि तो चक्क खाली डोकं, वर पाय करून खोडावरनं उतरत होता! सालीच्या फटीत चोच घालायचा, दोन पावलं सरकायचा, परत चोच. मग आडव्या फांदीच्या खालच्या अंगानं उलटा चालत गेला. तोंडानं सारखं चिट्-चिट्-चिट्. मैत्रीण म्हणाली सुतार पक्षी. मला काही पटेना. फोटो काढेपर्यंत गेला.

दाजीपूरची वाट: ताई, सुतार नव्हं. ही मखमली शिलिंध्री. कपाळावरचा तो काळा पट्टा मखमलीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. सुतार ताठ शेपटीचा टेकू घेऊन खोडावर बसतो आणि वर चढत जातो. तोंड खाली करून उतरणं त्याला जमत नाही. शिलिंध्री शेपटी टेकवतच नाही, सगळा भार पायांवर. एक पाय वर रोवायचा, दुसरा खाली टाकायचा, मागच्या बोटाची नखी लांब असते. वरून खाली येताना, चढणाऱ्या पक्ष्याच्या नजरेतून सुटलेले किडे, कोळी तिला सापडतात. डोळ्यामागं काळी रेघ होती का?

रंकाळाकाठ: होती! भुवई कोरल्यासारखी. पण मागच्या फांदीवर दुसरा होता, त्याला नव्हती. मला वाटलं नीट दिसलं नाही.

दाजीपूरची वाट: नीटच दिसलं तुम्हाला. रेघ असलेला नर, नसलेली मादी. जोडी बघितली तुम्ही.

पन्हाळ्यावरनं: एक भर घालतो. साधी शिलिंध्री पण आहे, तिची चोच काळी आणि पोट तांबूस. लाल चोच दिसली की शंका नको. मात्र मखमलीच्या पिल्लांची चोच काळपट असते, तिथं कपाळ आणि पाठ बघा. ह्या एकट्या क्वचितच फिरतात. निखार, वल्गुली, कोतवाल अशा पक्ष्यांचा मिळून थवा आला की मान वर करून गप उभं राहायचं, त्यात बहुतेक असतेच.

घरटं झाडाच्या ढोलीत करतात, आत शेवाळ, केस, पिसं. आमच्या बांधावरच्या वठलेल्या ऐनाच्या ढोलीत मार्चमध्ये जोडी ये-जा करत होती. मी चुलत्यांना विनवलं, पण चुलीला लाकूड म्हणून गेल्या वर्षी तो ऐन तोडला. अजून त्या बाजूला गेलो की नजर तिथंच जाते.