पोटदुखीचे टक्के : आखाती युद्धातल्या सैनिकाला आयबीएसची भरपाई द्यावी का?

सॅनअँटोनियोकर (धागाकर्ता)
आमच्या शेजारचे काका १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन लष्करात ट्रकदुरुस्तीला होते. तिथे जुलाब लागले, ते घरी आल्यावरही पुरते थांबलेच नाहीत. अजून गाडीत जास्तीची पँट असते आणि कुठेही गेले की आधी संडास कुठे ते बघून ठेवतात. आयबीएस, म्हणजे पोट दुखत राहणं आणि शौच बिघडणं असा आतड्याचा जुनाट विकार. त्यासाठी त्यांना अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने १० टक्के अपंगत्व मंजूर केलंय, त्या टक्क्यांवर दरमहा भरपाई ठरते. आता ३० टक्क्यांसाठी दाद मागायची म्हणून कागद लावायला मला बसवलं.

कागदात काय सापडलं? तपासणीच्या दिवशी डॉक्टरने विचारलं, कसं काय? हे म्हणाले, "ठीक आहे, चाललंय." तेच अहवालात उतरलं!

खात्याचा १९ मे २०२४ पासूनचा नियम दुखण्याचे दिवस मोजतो. शौचाशी निगडित पोटदुखी मागच्या तीन महिन्यांत एकदा तरी झाली तर १० टक्के, महिन्याला किमान तीन दिवस असेल तर २०, आठवड्याला किमान एक दिवस असेल तर ३०. जोडीला घाईची लागणं किंवा कुंथावं लागणं, आव पडणं, पोट फुगणं अशांतली निदान दोन लक्षणं हवीत. ३० च्या वर पायरीच नाही. २०२५ च्या दराने एकट्या माणसाला १० टक्क्यांचे महिना १७५.५१ डॉलर, ३० चे ५३७.४२.

माझं मत : हे पैसे त्यांच्या हक्काचे आहेत. बोंब एवढीच की जन्मभर "ठीक आहे" म्हणायला शिकवलेल्या माणसाला आता कळा मोजून दाखवायच्या आहेत.

सरळ_करदाता
राग मानू नका, पण आयबीएस मलाही आहे. रोज लोकलने ऑफिस गाठताना काय होतं ते माझं मला माहीत. मला कोण डॉलर देतंय? पाय गेला, गोळी लागली, तर सरकारने आयुष्यभर पोसावं, माझी ना नाही. पण जे रक्तात दिसत नाही, दुर्बिणीत दिसत नाही, त्याचे टक्के कसे लावणार? पोट दुखलं म्हणून वहीत कुणीही लिहील.

आतडेवैद्य
दुर्बिणीत दिसत नाही म्हणून आजार नाही, असं नसतं हो. आयबीएसचं निदान लक्षणांवरूनच होतं, जगभर. जोरदार जुलाबांच्या संसर्गानंतर काही जणांचं आतडं कायमचं हळवं होऊन बसतं, हे आम्ही नेहमी पाहतो. आणि त्या युद्धात वाळवंटातल्या तुकड्यांमध्ये ई. कोलाय आणि शिगेलाचे जुलाब भरपूर होते.

करदात्यांचा एक मुद्दा मात्र खरा. समोर बसलेल्या एका माणसाचं आयबीएस १९९१ च्या संसर्गाचं की नंतरच्या संसारातलं, हे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही.

सॅनअँटोनियोकर
डॉक्टर, म्हणूनच तो प्रश्न कायद्याने बाजूला ठेवलाय. २००१ च्या दुरुस्तीत आयबीएसचं नावच घातलं. त्या भागात नोकरी केली आणि आजार जडला, तर भक्कम उलट पुरावा नसेल तोवर तो नोकरीमुळेच आला असं धरायचं. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने त्या भागाच्या यादीत अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन वगैरे देशही आले. आमचं भांडण फक्त टक्क्यांवर.

त्यातही एक गंमत. २०१२ चा जोन्स विरुद्ध शिन्सेकी हा निकाल आयबीएसचाच आहे. कोर्ट म्हणालं, निकषात औषधाचा उल्लेख नसेल तर गोळीने आराम पडतो या कारणावरून वरचे टक्के नाकारता येणार नाहीत.

सरळ_करदाता
म्हणजे गोळी घेऊन ठणठणीत असला तरी पैसे? चष्म्याने मला नीट दिसतं, मग मला अंध म्हणून भत्ता द्या. "असं धरायचं" म्हटलं की शंभर खऱ्यांच्या मागे दहा खोटेही आत शिरतात.

सातारी_फौजी
शिरू देत दहा. शंभर तर बाहेर राहणार नाहीत?

मी सुभेदार म्हणून निवृत्त. फौजेत जो उठसूट सिक रिपोर्ट करतो त्याला कामचुकार म्हणतात, मग ती कुठलीही फौज असो. पोट बिघडलं तर एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाण्यापेक्षा माणूस लंगरातला भात खाऊन गप्प पडतो. पुढे वीस वर्षांनी बाबू विचारतो, नोंद कुठाय?

आपल्याकडे मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला २० टक्क्यांच्या खाली अपंगत्वाचं काही मिळत नाही. शेजारच्या काकांचे १० टक्के इथे शून्य झाले असते. पण २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच तत्त्व सांगितलं : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, मग तो नोकरीत आला असं धरायचं, सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. तरी सरकार भांडतं आणि आमची माणसं लष्करी न्यायाधिकरणाच्या तारखा मोजत बसतात.

सरळ_करदाता
फौजीसाहेब, तुमच्यापुढे काय बोलणार. तरी काकांची कळ आठवड्याला की महिन्याला, हे ठरवणार कोण?

सॅनअँटोनियोकर
काकू. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या रद्द झालेले बेत खोडतात : चर्च, दाताचा डॉक्टर, नातीची मॅच. गेल्या तीन महिन्यांत एकही आठवडा कोरा नाही. हे त्यांनी दुखणं सिद्ध करायला लिहिलेलंच नव्हतं, म्हणून मला ते वहीपेक्षा खरं वाटतं. घरच्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. त्या वेळचे दवाखान्याचे कागद नाहीत, एवढ्यावरून अशी साक्ष फेकून देता येत नाही, हे २००६ च्या ब्यूकॅनन निकालात आलंय.

खात्यातल्या वरिष्ठाकडून निर्णयाची फेरतपासणी मागितली असती तर नवा पुरावा जोडताच आला नसता. म्हणून पुरवणी दावा टाकतोय. निर्णयापासून वर्षाच्या आत गेला की पैसे मोजायला जुन्या दाव्याची तारीख टिकते. आमचे आठ महिने गेलेत.

आतडेवैद्य
त्यांच्या डॉक्टरलाही ते कॅलेंडर दाखवा. आव, पोट फुगणं हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायला हवं.

सरळ_करदाता
माझा विरोध कायम. पण चार महिने उरलेत म्हणून बसून राहू नका, या आठवड्यात टाकून द्या.