मिंट टाकताना एसएसडी दिसेना, आता विंडोजही उघडेना

कोरी_पाटी:
लॅपटॉप दहाव्या पिढीच्या आय5चा, 8 जीबी रॅम. 256 जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारच्या) एसएसडीवर विंडोज 11, शिवाय 1 टीबी हार्ड डिस्क, तिच्यावर घरचे फोटो. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट 22 ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय. लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करताच मिंट चालवून बघायचा) नीट चालतो, पण इन्स्टॉलरला फक्त हार्ड डिस्क दिसते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क हाताळायची पद्धत, इंटेलच्या 'आरएसटी'वरून सर्वसाधारण 'एएचसीआय' केला तर एसएसडी दिसली, पण विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत अडलं. काय करू?

रूट_आबा:
मोड परत आरएसटी करा, विंडोज उघडेल. डेटा जागेवरच आहे. आरएसटीमध्ये एनव्हीएमई साटा कंट्रोलरच्या आड लपते. लाइव्ह सत्रात 'सुडो डीमेसेज' चालवलंत तर कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच 'रीमॅप्ड एनव्हीएमई' सापडल्याचं सांगतो. विंडोज अडतं, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर त्याच्या बूटच्या यादीत नसतो. सेफ मोडमध्ये तो लोड होतो. म्हणून एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग-टूलच्या बूट टॅबमध्ये 'सेफ बूट', 'मिनिमल' निवडा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा. विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट.

इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत असताना 'इरेज डिस्क' दाबलं नाहीत हे नशीब!

चिमटा:
आबा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) राहिला की! विंडोज 11 होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं. बायोसला हात लावला की 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती आधी कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. सेफ मोडमध्ये पिन अनेकदा चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्डही पाठ हवा.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढा, निदान 50 जीबी. 'श्रिंक'ला फारच कमी जागा दिसली तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'; हायबरनेशनची फाइल निघून जाते. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडा, रिकाम्या जागेत ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम), माउंट पॉइंट '/' (म्हणजे मिंटचं मूळ फोल्डर). विंडोजचंच ईएफआय (बूटच्या फाइलींचं) पार्टिशन वापरा, पण त्याच्यापुढची 'फॉरमॅट'ची खूण चुकूनही करू नका. त्यात विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) असतो.

कोरी_पाटी:
जमलं, दोन्ही चालू! पण मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे.

रूट_आबा:
लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' द्या. सिस्टमडी (मिंटच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) यावर कुरकुर करतं ते मुख्यतः उन्हाळी वेळेच्या गोंधळामुळे. भारतात घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे इथे चालतं. लंडन किंवा न्यू जर्सीत वाचणाऱ्यांनी मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल'ची किंमत 1 करावी.

चिमटा:
हार्ड डिस्क मिंटमध्ये 'रीड-ओन्ली' उघडली तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायची सोय) बंद आहे का बघा. ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल सिस्टिमवर) लिहिणं धोक्याचं. वरचं 'पॉवरसीएफजी' चालवलं असेल तर तेही बंद झालंय.