मदत हवी आहे: घाटात उभं राहून पेडल मारताना सायकल भरकटते

मंडळी, कोंढव्याकडून सासवडला जाताना बोपदेव घाट बसून चढता येतो. पण वळणावर चढ एकदम अंगावर येतो, तिथे सीटवरून उठलं की मांड्या लगेच भरून येतात आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे पळतं. मागून ट्रक येत असताना हे फार धोक्याचं वाटतं. रोड बाइक आहे, पुढच्या दातेरी चक्रांना ५० आणि ३४ दाते, मागच्यांना ११ ते २८, पेडल साधे. उठण्याआधी गिअर हलका करायचा की जड? वजन नेमकं कुठे ठेवायचं? सायकल डोलू द्यायची की घट्ट धरायची?

प्रतिसाद १

गिअर जड करा. उभं राहिलं की पेडलची गती आपोआप कमी होते, त्यामुळे बसलेल्याच गिअरमध्ये पाय पोकळ फिरतात आणि तोल जातो. उठायच्या जरा आधी मागे एक-दोन दातेरी चक्रं जड घ्या. मग एक पाय वरून खाली येत असतानाच त्यावर भार देत उठा. पेडलवरचा जोर सुटलेला असताना उठलात तर सायकल क्षणभर मागे येते. ग्रुपमध्ये मागचा माणूस थेट तुमच्या चाकाला धडकतो.

हँडल आवळू नका, हुड्सवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) हात सैल ठेवा. उजवा पाय दाबताना उजव्या हाताने हलकं वर ओढा, सायकल डावीकडे झुकेल. मग उलट. झुकायचं सायकलने, तुमचं धड जागेवर आणि चाक सरळ. तुमचं चाक पळतंय ते बहुतेक हँडल दाबून धरल्यामुळेच.

प्रतिसाद २

वजनाबद्दल: कंबर सीटच्या टोकाच्या किंचित पुढे. सीट मांड्यांना मागून ओझरती लागली पाहिजे. हँडलवर ओणवं झालात तर मागचं चाक हलकं होतं आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर जागीच घसरतं. इटलीचा सायकल शर्यतपटू मार्को पान्तानी हँडलचा खालचा वळलेला भाग धरून उभ्याने चढायचा, पण ते अनुकरण आपल्यासाठी नाही.

आणि अख्खा घाट उभ्याने चढू नका. अंगाचा भार पायांनी पेलायचा असल्याने दम लवकर लागतो. डावीकडच्या वळणाला आतली बाजू सर्वांत उभी असते, तेवढ्यापुरतं उठा.

धागाकर्ता

मनापासून आभार! साध्या पेडलवर पाऊल कसं ठेवायचं?

प्रतिसाद १

चवडा पेडलच्या आसावर. टाच फार खाली सोडू नका. आधी मोकळ्या, सौम्य चढावर सराव करा, बोपदेवला नंतर.