अनुभव धागा: थेरपीत तुम्हाला आधी काय विचारलं?

मुलगा साडेतीन वर्षांचा असताना स्पीच थेरपी सुरू केली. पहिल्या सेंटरमध्ये दर शनिवारी माझीच शाळा भरायची. मोबाइल का दिला, भरवता का, घरी सराव किती केला? दुसऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दिवसातली कुठली वेळ बरी जाते?" मला रडूच फुटलं. म्हटलं, आंघोळ. मग महिनाभर काम आंघोळीवरच. पाण्याचा तांब्या वर धरायचा आणि तो माझ्याकडे बघेपर्यंत थांबायचं. तांब्या, पाणी, मी, सगळं घरातलंच. थेरपी आठवड्यातून १ तास, बाकी सगळे तास आपलेच असतात.
तुमचेही अनुभव लिहा, वाईटसुद्धा. सेंटरची नावं नकोत.

भांडुप, बाबा
मी घरी पोचतो ९ला. मुलीच्या वाट्याला २० मिनिटं, तीही अंथरुणात. तिला लोकलच्या घोषणा आवडतात म्हणून मी स्टेशनं म्हणतो. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार... आणि थांबतो. ती म्हणते, "कुल्ला!" (म्हणजे पुढचं स्टेशन, कुर्ला.) थेरपिस्टना हे सांगताना लाजत होतो, हा काय अभ्यास म्हणायचा? त्यांनी विचारलं, "मध्ये थांबायचं कुणी शिकवलं?" कुणीच नाही हो, गंमत म्हणून थांबायचो. त्या म्हणाल्या, तिला बोलायला जागा मिळते ती तिथेच, आता कपडे घालतानाही असंच थांबा. सेंटरमधून मी पहिल्यांदाच ताठ मानेने बाहेर पडलो. (हार्बरवाल्यांनी आपापली स्टेशनं घालून घ्यावीत.)

दादर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट
टेबलाच्या या बाजूने लिहिते. आम्ही आई-बाबांचा मुलासोबत खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतो आणि जमलेली जागा थांबवून दाखवतो. नुसतं "व्वा, छान" म्हणून भागत नाही. "तुम्ही चेंडू लगेच दिला नाहीत, म्हणून त्याने हात पुढे केला" इतकं नेमकं सांगावं लागतं. सल्ला द्यायच्या आधी "एक सुचवू का?" असं विचारते. शिकत होते तेव्हा आम्हाला चुका हेरायला शिकवलं होतं. ती सवय मोडायला मला वर्षं लागली.
मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आला, मदतीची गरज असलेली मुलं तपासणीत लवकर सापडू लागली. पण रजा टाकून, दोन गाड्या बदलून आलेल्या आईशी बोलायचं कसं, हे कागदावर कुठे असतं?

कळवा, आई
माझा अनुभव उलटा आहे. गोड बोलण्याने माझं नुकसान झालं. १० महिने "तुम्ही किती छान करताय" ऐकलं. शेवटी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणचाचणी केली, तर मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं. कौतुकाने पोट भरत नाही. शंका आली तर तोंडावर सांगा ना!

दादर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट
कळवा, अगदी बरोबर. याला फक्त कौतुक म्हणतात. "भांडं पडलं तरी वळत नाही, हे तुम्हीच टिपलंत, म्हणून आधी कान तपासू" असं सांगायला हवं होतं.

कळवा, आई
भांडं नाही, कुकरची शिट्टी. आणि हो, मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

गिरगाव, आजी (नातीने टाइप केलंय)
सून नोकरीला, त्यामुळे धाकट्या नातवाला थेरपीला मीच नेते. आधीच्या ठिकाणी "आजी लाडावतात" असा शेरा मिळाला. आताची मुलगी म्हणाली, "आजी, करंगळी-मरंगळी पुन्हा करा बघू." गुदगुली कधी येते म्हणून तो श्वास रोखून माझ्या बोटांकडे बघतो. हे पन्नास वर्षं करतेय, पण बघायला कुणी समोर बसलं नव्हतं.

विक्रोळी, आई
आमची पहिली भेट सोमवारी आहे, पोटात गोळा आलाय. आमच्याकडे आंघोळ म्हणजे युद्ध. कपडे वाळत घालणं मात्र बरं जातं, चिमटे तो देतो. असलं सांगितलं तर चालेल का?

दादर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट
सांगाच. चिमटा तुम्ही मागितल्यावर देतो की आपणहून?

विक्रोळी, आई
आपणहून. लाल आधी.