खड्ड्याने घेतलेल्या बळीची भरपाई कुणाकडून मागायची?

कमानपाटा: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८अ घातलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार, यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड. पण तो जातो अपघात निधीत, घरच्यांच्या हाती छदाम नाही. म्हणून दाव्यात विमा कंपनीबरोबर रस्त्याच्या यंत्रणेलाही प्रतिवादी करावं. रेल्वे फाटकाच्या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तशी वाट मोकळी केली आहे.

टोलनाका_७: मुळीच नको. बसमधला प्रवासी असेल तर चालकाची चूक दाखवा, विमा कंपनी देते. पीडब्ल्यूडीला ओढलंत की ‘हा पट्टा आमच्या हद्दीत नाही’ यावरच तारखा पडतात. चूक अनेकांची असली तरी पूर्ण रक्कम एकाकडून वसूल करता येते (सर्वोच्च न्यायालयाचा खेन्येई निकाल, २०१५). वाटणीचं ते आपसात बघतील.

कमानपाटा: आणि दुचाकीस्वार एकटाच खड्ड्यात पडला तर? समोर दुसरं वाहनच नाही. थर्ड पार्टी विमा कामाचा नाही, घेतलं असेल तर मालक-चालकाचं १५ लाखांचं कवच.

डांबरगोळी: तिथे मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश लावा. खड्डा किंवा उघडं मॅनहोल: मृत्यूला ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. पण पुरावा? तक्रार झाली की खडी टाकून खड्डा बुजवतात. त्याच दिवशी खड्ड्यात टेप धरून फोटो काढा, चौकटीत किलोमीटरचा दगड येऊ द्या. पंचनाम्यात ‘भरधाव वेगात’ हे ठरलेलं वाक्य असतंच. खड्डा नोंदवला नसेल तर लगेच लेखी हरकत. ठेकेदाराचा डीएलपी (रस्त्यातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत) कधी संपतो, हे माहिती अधिकारात मागा.

गॅस्केट: गाडीच्या दोषाचं गणित वेगळं. ‘ब्रेक फेल झाला’ म्हणून मालक सुटत नाही. दोष छुपा होता आणि देखभाल नीट होती, हे त्यानेच सिद्ध करायचं (सर्वोच्च न्यायालयाचा मिनू मेहता निकाल, १९७७). गाडी बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. एअरबॅग न उघडलेल्या क्रेटाच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की धडकेचं भौतिकशास्त्र मांडणं हे ग्राहकाचं काम नव्हे.

टोलनाका_७: तो निकाल सगळीकडे चिकटवू नका. गाडी खड्ड्यात आदळून कुशीवर उलटली, तर समोरची एअरबॅग न उघडणं हा दोष ठरेलच असं नाही.

गॅस्केट: मान्य. म्हणूनच तज्ज्ञाच्या तपासणीआधी गाडी गॅरेजमध्ये खोलू देऊ नका. एअरबॅगचं नियंत्रण करणारं मॉड्यूल बदललं की धडकेची नोंद गेली.